दुसरी मंजुरी

बासष्ट टक्क्यांवर कॉपी पुन्हा कोसळली. आठवड्यात चौथ्यांदा.

शलाकाने यंत्राच्या हालचालींचा लॉग उघडला. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या ऑफिसातला बॅकअप रोज दुसऱ्या शहरातल्या, वाखनिंगनच्या यंत्रात उतरायचा. एका प्रयोगशाळेच्या नोंदी. सात वर्षं जपायच्या, म्हणून त्यांना मुदतीचं कुलूप. ते एकदा लागलं की मालकालाही उघडत नाही. मुदत वाढवता येते, कमी करता येत नाही. कॉपी ज्या फोल्डरवर अडत होती त्याची मुदत तिने वाचली. परत वाचली. सत्तर वर्षं. वाखनिंगनच्या यंत्राला कुलपाची मर्यादा तीस वर्षांची घातलेली होती.

कुलपाची तारीख मार्चमधली; कॉपीसाठी त्या फोल्डरची पाळी या आठवड्यात आली होती. त्या दिवशी लेक ऋता तापाने फणफणली होती, पाळणाघरातून दोनदा फोन आला होता. ते शून्य शलाकानेच दाबलं होतं.

असं होऊ नये म्हणूनच कुलपाला दोघांची मंजुरी लागते. दुसरी सहकारी रणजितदादाची. सुट्टीवर निघताना तो चिठ्ठीवर पासवर्ड लिहून देऊन गेला होता. "अगं, साताऱ्यात लग्नाच्या पंगतीत मी मंजुऱ्या देत बसू? तूच दाब. आपल्यात कसली आलीत दोन माणसं!"

ही नोकरी त्यानेच मिळवून दिली होती. नवऱ्याच्या व्हिसावर येऊन पाच वर्षं घरी बसलेल्या बाईला एरवी कोण विचारत होतं? ऋता आजारी पडली की त्याची बायको, शैलावहिनी, शेजारच्या बुइटनव्हेल्डर्टहून सायकल मारत येतात. आणि शुक्रवारी शलाकाचा वर्षाचा करार संपत होता.

ती उठली आणि विभागप्रमुख मरायकेच्या खोलीत गेली.

"सातच्या जागी सत्तर टाकले. चूक माझी आहे."

मरायके हसलीच. "म्हणजे ते उघडेल तेव्हा मी एकशे पंचवीस वर्षांची असेन. तेव्हा केक आण. उपाय काय?"

"वाखनिंगनची मर्यादा वाढवायची. थोडी जागा कायमची अडेल, पण कॉपी पुढे जाईल."

"मग वाढव. बोटं सगळ्यांचीच चुकतात." तिने स्क्रीन शलाकाकडे वळवला. "पण ही दुसरी मंजुरी रणजितच्या नावाने आहे. तुझ्या लॅपटॉपवरून. तो तेव्हा भारतात होता. हे कसं झालं, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

दादाचं नाव घेतलं तर दादाची नोकरी जाणार. कोणत्या तोंडाने मग वहिनींकडे बघायचं? शलाकाने एका दमात सांगून टाकलं.

"त्याला काही माहीत नाही. पासवर्ड मी त्याच्या टेबलावरून उचलला. न विचारता."

मरायकेचं हसू गेलं. मग तिने खणातून कागद काढले. शलाकाचा कायमचा करार. खाली कंपनीची सही झालेली.

"लॉगमध्ये स्वतःचं नाव बघून रणजित सकाळीच आला होता. पासवर्ड आपणच दिला म्हणाला. मी त्याला झापलं आणि विषय तिथेच संपवला." तिने कागद परत स्वतःकडे ओढले. "आता तूच सांग शलाका, तुझ्या नावापुढे काय लिहू? चोरी की खोटं?"