गार्गी फसली

दिवाळीत सगळी आळी जळमटं झाडायची, तेव्हा हेमांगीताई आपल्या कोळ्यांच्या पेट्यांवर धूळ बसू नये म्हणून पदर पसरायच्या. आळीनं त्यांना वेड्यात काढलं होतं. आता मात्र तुटलेल्या नसा कोळ्यांच्या धाग्यांनी जोडल्या जात, आणि ते धागे अशाच हौशी लोकांच्या घरून इस्पितळांत जात.

आज तबलजी सुधन्वा पेढे घेऊन आला. अपघातात चिरडलेल्या त्याच्या उजव्या हाताच्या नसा ताईंच्या गार्गीच्या धाग्यानं जोडल्या होत्या. गार्गी म्हणजे त्यांची सर्वांत मोठी कोळ्याची मादी.

"डॉक्टर म्हणतात, हात बरा झालाय. मला पटत नाही, तबल्याला हात लावायचा धीर होत नाही," तो म्हणाला.

"मग गार्गीला विचार. जाळ्याच्या चौकटीवर बोट वाजव. मी काडीनं हलवलं, यंत्रानं थरथरवलं, पण ही ढिम्म. जिवंत भक्ष्य असल्याशिवाय ती जागची उठत नाही."

सुधन्वानं घाबरतच उजव्या तर्जनीनं चौकटीवर एक बोल वाजवला. कोपऱ्यातली गार्गी तीरासारखी धावत थेट त्याच्या बोटासमोर आली.

ताईंची मान ताठ झाली. "पेढे ठेव, मी खाईन. हिच्यासाठी मात्र एक माशी आण. आजवर तिला कुणी फसवू शकलं नव्हतं."