चौतीस गुण

भगवंतरावांनी तिसऱ्यांदा बेरीज केली. चौतीसच. पास व्हायला पस्तीस लागत. समोर चतुराबाई उभ्या होत्या. वय छत्तीस, इयत्ता नववी. बाकी विषयांत साठाच्या खाली नाहीत, आणि इतिहासात सलग तिसऱ्या वर्षी नापास. तिन्ही वर्षं चौतीस.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात भगवंतरावांच्या लाल पेन्सिलीचा दरारा होता. निजामाच्या अमदानीत त्यांनी निजामाचा इतिहास शिकवला, निजाम गेल्यावर नवा शिकवला. पुस्तकं बदलली, पेन्सिल बदलली नाही. त्यांनी कुणाला अर्धा गुण वाढवून दिला असं कुणी सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, त्यापेक्षा चारमिनारचा एक मिनार चालत सिकंदराबादेला गेला म्हण, पटेल तरी. पोटच्या पोरालाही त्यांनी एकदा इतिहासात नापास केलं होतं. त्या दिवशी पोरगा पोटभर जेवला, उपाशी राहिले ते भगवंतराव.

पण चतुराबाईंचं कोडं त्यांना सुटत नव्हतं. बाईंना शाळेत आणलं होतं भगवंतरावांनीच. छप्पन्न साली हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाड्याकडे कचेऱ्या निघाल्या, कचेऱ्यांमागून कारकून निघाले, कारकुनांमागून त्यांची पोरं. पाठोपाठ कागद आला, नववीत दहा डोकी भरली नाहीत तर मराठी वर्ग बंद. डोकी भरत होती नऊ. भगवंतराव दारोदार फिरले. दहावं डोकं त्यांना नामदेवराव पेशकारांच्या स्वयंपाकघरात सापडलं. पोळ्या लाटत होतं. विधवा बाई, लग्नाआधी आठवी झालेली. "कागदात वयाचं काही लिहिलेलं नाही," भगवंतराव म्हणाले होते. तपासनीस आला, चतुराबाईंकडे बघून त्यानं दोनदा चष्मा पुसला, डोकी मोजली आणि निघून गेला.

नववी पास झाल्या की सिकंदराबादच्या कुसुमताई त्यांना आपल्या बालवाडीत बाई म्हणून घेणार होत्या. लोकांच्या चुली सुटणार होत्या. ती जागा कुसुमताईंनी तीन वर्षं धरून ठेवली. कालच त्यांचा निरोप आला होता, परवा येऊन निकाल सांगा, आता थांबता येणार नाही.

"बसा," भगवंतराव म्हणाले. "बहमनी राज्याचे तुकडे किती झाले?"

"पाच. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बिदर, वऱ्हाड."

"महमूद गावानला का मारलं?"

"खोट्या पत्रावरून. मोहोर खरी होती, मजकूर खोटा. सुलतानाला मागून कळलं, पण गेलेला माणूस कुठं परत येतो?"

भगवंतराव विचारत गेले. मलिक अंबर झाला, देवगिरीचे यादव झाले, पार सातवाहनांपर्यंत मागे गेले. बाई कुठं अडल्या नाहीत. त्यांनी पेपर उघडला. हेच प्रश्न होते. काही पूर्ण लिहिले होते, काहींच्या जागा कोऱ्या. एका उत्तराच्या शेवटच्या दोन ओळी लिहून खोडल्या होत्या. हे नापास होणाऱ्याचं काम नव्हे, हे भगवंतरावांना आत्ता दिसलं. असे मोजून चौतीस मिळवायला सगळं पुस्तक पाठ लागतं.

"का केलंत हे, चतुराबाई?"

"मास्तरसाहेब, पुढच्या साली आठवीतून किती वर येणार?"

"दहा."

"नऊ. पेशकारांचा पोरगा धरलात, पण त्यांची बांधाबांध झाली. जूनमधे नांदेड. तुम्हाला दाखला मागायला येतील तेव्हा कळेल, मला फडताळ रिकामं करताना कळतं. दरसाल एक घर जातंय."

भगवंतरावांनी भलतंच विचारलं, "पण माझाच विषय का?"

"गणिताचे मास्तर मायाळू आहेत हो. एक गुण कमी पडला की देऊन टाकतात. तुमचा भरवसा होता."

"बालवाडीची जागा जाईल."

"हौ, जाईल." बाईंनी पदर नीट केला. "वर्ग मोडला तर पोरांना तेलुगू शाळेत घालतील. आठवीतल्या शांताला, प्रमिलाला कोण घालतंय? चुलीपुढं बसवतील. मला आठवीनंतर बसवलं, तेव्हा आमच्या गावचा वर्गच मोडला होता. पोरी पाचच राहिल्या म्हणून."

पेन्सिल बराच वेळ कागदावर तरंगत राहिली. एक गुण द्यायचा होता, आणि तो हक्काचा होता. खाली मुलं ओरडत होती. भगवंतरावांनी पेपर मिटला आणि गठ्ठ्यात होता तिथं ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते सिकंदराबादेला गेले. कुसुमताईंनी चहा पुढे केला, त्याला त्यांनी हात लावला नाही.

"तुम्हीच म्हणत होता ना, बाई हुशार आहेत म्हणून?" कुसुमताई म्हणाल्या. "मग तीन तीन वर्षं नापास कशा?"

भगवंतरावांनी त्यांच्या नजरेला नजर दिली.

"बाकी सगळं येतं हो त्यांना," ते म्हणाले. "इतिहास तेवढा कळत नाही."