दादा ‘हो’ म्हणाला

“हो. तूच शोधलास,” दादा म्हणाला, आणि धाकट्याने हातातला चहा खाली ठेवला.

दोघा भावांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. बावीस वर्षांपूर्वी एका मोठ्या टेलरचं मशीन टाके सोडायला लागलं होतं आणि तीन कारागिरांनी हात टेकले होते. सुईचा दांडा केसभर खाली सरकला होता, एवढंच. पण तो दोष कोणी शोधला, यावरून दोघे भाऊ तेव्हापासून भांडत होते. गिऱ्हाइकासमोर भांडत, पाहुण्यांसमोर भांडत. एकदा तर तिसऱ्याच कुणाच्या लग्नात त्यांची इतकी जुंपली की नवरदेवाला मध्ये पडावं लागलं. दादाची गाडी एकदा सुरू झाली की ती थांबवायची कुणाची टाप नव्हती.

आज सकाळी दादाला जरा तरतरी यावी म्हणून धाकट्याने मुद्दामच तो विषय काढला होता. आणि दादा ‘हो’ म्हणाला होता.

दादाला दवाखान्यातून घरी येऊन नऊ दिवस झाले होते. साधा ताप म्हणता म्हणता विषाणू फुप्फुसात उतरला आणि अठरा दिवस तो ऑक्सिजनवर होता. घरी आल्यापासून मात्र अगदी शहाण्यासारखा वागत होता. जेवायला बोलावलं की “आलो”. कमी जेवलास म्हटलं की “पुरे”. वहिनी तर खूश होती. तीस वर्षांत नवरा पहिल्यांदाच तिचं ऐकत होता.

“दादा, एका दमात वीसपर्यंत आकडे म्हण बघू.”

“कशाला?”

“म्हण तर.”

दादाने सुरुवात केली. सहापर्यंत गेला. मग थांबला आणि जमिनीकडे बघत राहिला.

“चल, ऊठ. दवाखान्यात जायचं.”

“नाही... जायचं मला.” दादाने खुर्चीचा हात घट्ट धरला. “शेजारचा मास्तर... परत गेला. आला नाही.”

दवाखान्यात दादाच्या शेजारच्या खाटेवर एक शाळामास्तर होते. बरे होऊन घरी गेले, आठवड्याने पुन्हा भरती झाले आणि तिथेच संपले. ते दादाच्या मनात रुतून बसलं होतं, हे धाकट्याला आज कळलं.

“भावजी, उगाच काय घाबरवताय त्यांना?” वहिनीने ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणून दादाच्या बोटाला लावलं. “बघा, पंच्याण्णव आहे. ताप नाही, खोकला नाही. आत्ता कुठे घर जरा शांत झालंय.”

“तेच तर म्हणतोय, वहिनी,” धाकटा म्हणाला. त्याने टॅक्सी बोलावली आणि दादाला जवळजवळ उचलूनच आत बसवलं. दादा रस्ताभर एका शब्दाने बोलला नाही. वहिनी मात्र बोलत होती, ती धाकट्यालाच.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी कागद चाळले. दादाला विचारलं, काय होतंय? दादा म्हणाला, काही नाही. बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. बाहेर बाकांवर रांग लागली होती.

“ताप नाही, ऑक्सिजन ठीक आहे. मग आणलंत कशासाठी?”

“तो माझ्याशी वाद घालत नाहीये.”

बाईंचं पेन थांबलं. धाकट्याने टेलर, मशीन, केसभर दांडा, सगळं भडाभडा सांगून टाकलं. सांगताना त्यालाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. बाईंनी मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मग तो दोष खरं शोधला कोणी होता?”

“त्यानेच,” धाकटा म्हणाला. “म्हणून तर पळत आणलं.”

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. दादानेही मान वळवली. बावीस वर्षांनी कबुली मिळाली होती, आणि मिरवायला त्याच्या छातीत हवा नव्हती.

“यांना जरा चालवून आणा,” बाई नर्सला म्हणाल्या.

दादा व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आला तेव्हा यंत्रावर चौऱ्याऐंशी होते. दुपारपर्यंत छातीचा सीटी स्कॅन झाला. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. लहान होती, पण वाढली असती.

“बसल्या जागी कळत नाही हे,” बाईंनी सांगितलं. “माणूस हळूहळू बोलणं कमी करतो आणि घरच्यांना वाटतं, आराम पडलाय. दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं.”

“आणि... मास्तर?” दादाने विचारलं.

“ते परत आले म्हणून गेले नाहीत. उशिरा आले म्हणून गेले.”

दादाने डोळे मिटले. खाटेच्या कडेवरची त्याची पकड सैल झाली. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली. चौथ्या दिवशी दादा एका दमात अठरापर्यंत पोचला. पाचव्या दिवशी त्याने नर्सला ऑक्सिजनची नळी कशी लावायची ते शिकवलं, आणि वहिनी बाहेर बाकावर जाऊन पोटभर रडली आणि मग हसली.

आठव्या दिवशी सकाळी त्याला घरी सोडलं. धाकटा पिशवी भरत होता. पलीकडच्या खाटेवरच्या आजीही आजच घरी निघाल्या होत्या, आणि डॉक्टर बाई त्यांच्या मुलीला कागद समजावून सांगत होत्या. ताप आला तर या, धाप लागली तर या, ओठ निळसर दिसले तर या. मुलगी मान डोलवत होती. बाईंनी सही केली, कागद पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला.

“आणि एक सांगा,” त्या पेन सरसावून म्हणाल्या, “आजी घरी कशावरून भांडतात?”