पहिली फुंकर

"उचल तुझी नळी आणि चालता हो!" उस्ताद गरजले.

जावई जागचा हलला नाही. हातातली फुंकनळी त्याने भिंतीला टेकवली आणि भट्टीपाशी उभ्या उंच कारागिराकडे मान वळवली. "मामा, एकट्या लंब्यावर भट्टी चालेल का?"

"विझली तरी चालेल!"

हे खोटं होतं आणि तिघांनाही ते ठाऊक होतं. काचेची भट्टी अशी विझू द्यायची नसते. आतली काच थिजली की ती वितळवायचं भांडं, म्हणजे मूस, तडकते, आणि मूस तडकली की कारखान्याला टाळं. म्हणून तर सकाळपासून उस्तादांच्या पायाला भिंगरी लागली होती. भट्टीपासून दारापर्यंत, दारापासून भट्टीपर्यंत. मध्येच रिकाम्या बाकांकडे नजर जायची. फुंकणारे एकामागून एक तापाने आडवे झाले होते. आज शीळवाल्याला ऑक्सिजन लावला होता. दिवसभर शीळ घालून कारखाना डोक्यावर घेणारा माणूस, आणि त्याला आता दोन शब्दांपुरता श्वास पुरत नव्हता.

या कारखान्याची एक रीत होती. नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेतला की पहिली फुंकर उस्तादांची. तो आशीर्वाद. मग तीच नळी या तोंडातून त्या तोंडात जायची. गोळ्याचा फुगा व्हायचा, फुग्याची सुरई व्हायची. नळी कुणी पुसायची नाही. पुसणं म्हणजे अपमान. श्वास ही देवाची देणगी, ती एकट्याने वापरायची नसते, असं उस्तादांचे वडील सांगत, आणि उस्तादांनी ते मनापासून मानलं होतं. राहता राहिला रोगबिग. नळीचं एक टोक सदा धगधगत्या भट्टीत! "आगीपुढे कुणाची टाप आहे?" ते म्हणायचे आणि धुराची खवखव खाकरून टाकायचे.

जावई मात्र लग्नानंतर परगावाहून आला, तो स्वतःची नळी घेऊनच. दाराशी वाऱ्यावर बसून एकटा फुंकायचा. सासऱ्याची फुंकर त्याने कधी घेतली नाही.

"जावईबापूंना आपलं उष्टं चालत नाही बाबा," लंब्या डोळे मिचकावायचा, आणि शीळवाला त्यावर लग्नाच्या बँडची धून काढायचा.

आता कुणी हसत नव्हतं. सगळे आजारी, धडधाकट उरले लंब्या आणि हा. त्यात हा बाहेरून आलेला. आणखी काय पुरावा हवा? गल्लीतल्या बायकांनी उस्तादांच्या मुलीशी बोलणं टाकलं होतं. नळावर ती दिसली की त्या आपल्या बादल्या मागे ओढत. काल ती रिकामीच परत आली आणि बापाला एक अक्षर बोलली नाही. ते न बोलणं उस्तादांना रात्रभर टोचलं होतं.

"कुणी आहे का?" दारात दवाखान्याची सिस्टर उभी होती, तोंडावर मास्क. "मी आत येत नाही, इथूनच बोलते. आधी त्या खिडक्या उघडा."

"वाऱ्यानं ज्वाळ हलते, सिस्टर," लंब्या म्हणाला.

"हलू दे. माणसं पडताहेत, त्याचं बघा."

उस्ताद पुढे झाले. "बऱ्या वेळेला आलात. ज्यानं हे दुखणं आणलं, त्याला हाकलतोच आहे."

"कुणाला, यांना?" सिस्टरने जावयाकडे पाहिलं. "यांची तपासणी कालच झालीय. काही निघालं नाही. तुम्हीच तेवढे आला नाहीत. धडधाकट आहे म्हणून यांनीच आणलं, हा कुठला न्याय हो?"

"मग आकाशातून पडलं?"

"विषाणूला पाय नसतात, उस्ताद. तो आपल्याच श्वासावर बसून फिरतो, थुंकीतून जातो. कुणाला पार आडवं करतो, कुणाला नुसती खवखव देतो आणि त्याच्याच तोंडून पुढच्याकडे निघतो. मला एवढंच सांगा, सगळ्यांत आधी कोण खोकत होतं?"

लंब्या आपल्या चपलांकडे बघू लागला.

"बोला ना. शीळवाला?"

"नाही," लंब्या पुटपुटला. "तो मागाहून."

"मग कोण?"

जावयाने एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि नजर मुकाट्याने खिडकीकडे वळवली.

उस्तादांच्या घशात काहीतरी हुळहुळलं. त्यांनी दात आवळले, आवंढा गिळला. पण छाती ऐकेना. उबळ आली ती त्यांना पार वाकवून गेली.

"धूर," ते सवयीने म्हणाले.

धुराड्याकडे कुणीच पाहिलं नाही.

लंब्या घाईने भट्टीकडे वळला. हाताला काम हवं म्हणून त्याने उस्तादांची नळी भट्टीत घातली, लालभडक गोळा उचलला आणि रोजच्यासारखा पुढे केला. "उस्ताद, आशीर्वाद."

"अरे, थांब!" सिस्टर दारातून ओरडली.

उस्ताद थांबलेच होते. नळीच्या त्या टोकाला आग होती. या टोकाला हात लावला, तर ते गार होतं. इतकी वर्षं त्यांनी फक्त ते टोक पाहिलं होतं. या गार टोकावर शीळवाल्याचे ओठ टेकायचे, त्यांच्या लगेच मागून.

गोळा लोंबला, सुटला आणि फरशीवर पडून काळवंडला. लंब्याला काय करावं सुचेना.

"उचल तुझी नळी," उस्ताद जावयाला म्हणाले.

जावयाने मान खाली घालून नळी उचलली आणि तो दाराकडे वळला.

"तिकडे नव्हे. भट्टीपाशी ये. आजपासून पहिली फुंकर तुझी. लंब्याला त्याची वेगळी नळी दे. आणि माझी ही, भट्टीत टाक."

"पण उस्ताद," लंब्या गोंधळला, "मग आशीर्वादाचं काय?"

उस्तादांनी दोघांकडे पाठ केली. गळ्यातला पंचा नाकातोंडावर दाबला, तोंड भिंतीकडे वळवलं, आणि वर येणारा खोकला कसाबसा गिळून म्हणाले, "हाच."