चार कागद नाण्याचे, एक मोंढ्याचा

"सही कर अक्का. नसता तमाशा काहून लावलास?" संतरामनं विक्रीचा कागद थोरल्या बहिणीपुढं ढकलला.

"तमाशा तू लावलास. आधी पोराची परीक्षा होऊ दे," शकुबाई म्हणाली. पेनाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानाच्या माडीवर संतरामचा पोरगा विश्वंभर क्लास चालवायचा. आलेखातल्या रेघा बघून भाव चढणार की पडणार, हे सांगायला शिकवायचा. फाट्यालगतचं चार एकर रान संतराम आणि शकुबाई, दोघांच्या नावावर होतं. नवरा गेल्यापासून शकुबाई त्याच रानातल्या आखाड्यावर, शेतातल्या घरात राहायची, तिथंच हळद लावायची. संतरामला ते सगळं विकून आलेला पैसा पोराच्या रेघांवर लावायचा होता. म्हणजे शकुबाईचं रानही जाणार आणि डोक्यावरचं छप्परही.

भाऊबीजेच्या ताटावरच भांडण पेटलं होतं. शकुबाईची लेक आरोही हिंगोलीत कॉलेजात गणित शिकवायची. ती बोलून गेली, "मामा, भाव म्हणजे मोकाट सुटलेलं वासरू. आज इकडं, उद्या तिकडं. त्याच्या खुरांवरनं उद्याची वाट कळत न्हाई."

"तू मला अक्कल शिकवून राहिलीस?" विश्वंभर ताटावरनं उठलाच.

त्यातनं पैज लागली. होळी झाली की आरोहीनं पाच आलेख आणायचे. त्यातला एक दिवाळीपासून होळीपर्यंतच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हळदीच्या रोजच्या भावाचा. चढला की एक घर वर, उतरला की एक घर खाली. बाकीचे चार नाण्याचे. छापा पडला की वर, काटा पडला की खाली. खरा ओळखला तर शकुबाईनं सही करायची. चुकला तर संतरामनं वाटणी करून तिचे दोन एकर तिला सोडायचे, पुन्हा नाव काढायचं नाही. पोलीस पाटील हरिचंद दोघांच्या मध्ये साक्षीला बसले. उत्तराचं बंद पाकीट त्यांच्या खिशात.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! संतरामनं जमिनीचं गिऱ्हाईकही खाली टायरच्या दुकानात आणून बसवलं होतं.

विश्वंभरनं पहिला कागद उचलला. क्लासची माणसं भोवती दाटून उभी राहिली.

"हे बघा. मध्ये डोकं, दोन बाजूंनी खांदे. नाण्याला असलं जमत न्हाई. हाच खरा."

"दुसरा तर बघा आधी," आरोही म्हणाली.

दुसऱ्यातही डोकं-खांदे होते. तिसऱ्यात भाव एका रेघेला तीनदा टेकून उसळलेला, अगदी विश्वंभर फळ्यावर काढून दाखवायचा तसा. पाचव्यात तर आठवडाभर नुसती चढण. जो कागद उचलावा त्यात त्याच्या क्लासातलं काही ना काही निघत होतं. मागून कुणीतरी फिदकन हसलं.

"दादा, पाचही खरे हायेत का?" आरोहीनं विचारलं.

"तोंड आवर तुझं!"

"तिच्यावर काहून ओरडतोस?" शकुबाई कडाडली. "येत नसंल तर तसं सांग, अन् माझं रान सोड."

विश्वंभरनं कागद पुन्हा गोळा केले. हरलो तर उद्या या माडीवर कुत्रं फिरकणार नाही, हे त्याला कळत होतं. पाचही कागद त्यानं खिडकीजवळ नेले आणि एकेक घर बोटानं मोजत बसला. अर्धा तास गेला. हरिचंदांनी दोनदा घड्याळ बघितलं.

मग तो हसला. ते हसणं बघून शकुबाईनं पदर सावरला.

"आरोही, भावातनं तू रविवार वगळलेस व्हय ना?"

"व्हय. रविवारी मोंढा बंद असतो."

"शाब्बास! अन् अमावस्या?" त्यानं चौथा कागद टेबलावर आपटला. "आयुष्यात कधी मोंढ्यात पाय ठेवलास का? अमावस्येला हमाल पोत्याला हात लावत न्हाई. लिलावाचं बीट होत न्हाई, भाव निघत न्हाई. हे बघा पाटील, ह्या कागदावर चार घरं मोकळी. महिन्याला एक. दुसऱ्या कुठल्याच कागदावर न्हाईत. नाण्याला कुठं अमावस्या कळती?"

हरिचंदांनी चष्मा लावून घरं मोजली आणि मान डोलावली. आरोहीनं कागद ओढून घेतला. ती चार मोकळी घरं तिनं आत्ता पहिल्यांदाच बघितली होती. तिनं आईकडं बघितलं.

"हेच शिकवतीस का कॉलेजात?" संतराम खदखदून हसला. "रेघांनी सांगितलं काय अन् अमावस्येनं सांगितलं काय, पोरानं वळखलं! अक्का, आता सही. अन् उद्याच्या उद्या आखाड्यावरची भांडीकुंडी आवर. रडारड नको मला."

"आवाज खाली कर. मी कुठं रडून राहिले?"

"पाकीट फोडू का?" हरिचंदांनी विचारलं.

"फोडा की! चौथाच निघंल," विश्वंभर म्हणाला आणि त्यानं स्वतः पेनाचं टोपण काढून आत्याच्या हातात पेन दिलं.

शकुबाईनं पेन घेतलं. विक्रीचा कागद बाजूला सारून तिनं चौथा कागद पुढं ओढला.

"नाण्याला न्हाई कळत, पण मला कळती," ती म्हणाली. "मोंढ्याच्या कागदावर आरोहीनं निघाले तेवढेच भाव सलग मांडले, तिथं मोकळं घर कुठलं? हा कागद नाण्याचा, माझ्या हातचा हाय. रविवार सोडून रोज सकाळी एकदा नाणं उडवायचे; अमावस्येला उडवलं न्हाई."