राकाच्या नावाचं डुक्कर

पेटीतला पुरुष बोलू लागला तसा वेआरीच्या हातातला मासा दुसऱ्यांदा मेला. इतक्या जोरात तिनं त्याचे कल्ले दाबले.

"आयांनो, बऱ्या आहात ना? जेवलात का?" पेटी गावच्या अस्सल केआपारा बोलीत विचारत होती.

खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत, गाव जमलं होतं. आवाज सगळ्यांनी ओळखला आणि सगळेच एकदम खाली मान घालून सुपारी चघळू लागले. राकाचा आवाज तो. वेआरी बाळंतीण असताना राका मोर्सबी शहरात गेला आणि तिथंच दुसरीच्या घरात राहिला. वर्षभर वाट पाहून वेआरीनं डोकं भादरलं, काळे कपडे घातले आणि मेलेल्याचं घालतात तसं राकाच्या नावानं गावजेवण घातलं. डुक्कर केवढं, तर त्याच्या सावलीत दोन होड्या आरामात बसल्या असत्या. अख्ख्या गावानं ते खाल्लं. आणि ज्याच्या नावाचं डुक्कर पोटात गेलं, तो मेला. मग कुणी काही म्हणो.

"बाळंतिणीला सोडून नवऱ्यानं कुठं जाऊ नये," मेलेला सांगत होता. "पाणी त्यानं आणावं. लाकडं त्यानं फोडावी. रात्री मूल रडलं तर त्यानंच उठावं."

"कुणी उठावं?" वेआरी ओरडली. "कुणी रे?"

दवाखान्यानं सल्ले भरून दिलेली पेटी घेऊन शहरातनं आलेल्या सिस्टर बोइयोला केआपारा येत नव्हतं. ती खुशीत येऊन मोटू भाषेत म्हणाली, "ताईंना पटलेलं दिसतंय! गोड बोलतो ना? तुमच्याच गावचा का हो?"

म्हातारा वालो खाकरून मोटूत बोलला. राकाच्या गावजेवणात त्यानं डुकराचे दोन वाटे हाणले होते.

"आमच्याकडे होता एक असा गोडबोल्या. गेला बिचारा."

"अरेरे. कशानं?"

"डुक्कर आडवं आलं."

बायकांनी तोंडात कापडाचे बोळे कोंबायचे तेवढे बाकी ठेवले. वेआरी मासे कापायची सुरी घेऊन उठली. तिला खूप बोलायचं होतं. पोटच्या पोरीला ज्यानं घोटभर पाणी पाजलं नाही, तो पेटीत बसून जगाला पाणी भरायला शिकवतोय, हे तिला साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडायचं होतं.

"जपून गं, पोरी," वालो हळूच म्हणाला. "मेलेल्यावर कुणी चिडतं का? तू चिडलीस की तो उठून बसेल."

वेआरीनं ओठ मिटले. कपाळावरची शीर अशी तटतटली की तिला होडी बांधता आली असती.

"येतो हं, आयांनो," पेटी म्हणाली. "जीवाला जपा."

"तूही जप रे, बाळा."

सगळ्यांच्या माना वळल्या. खांबाला टेकून राकाची आई बसली होती. त्या जेवणात पहिला घास म्हातारीनं खाल्ला होता, सगळ्यांदेखत, कोरड्या डोळ्यांनी. मुलगा गेला आणि ती सुनेच्या चुलीशी राहिली. आता तिनं हातानं तोंड गच्च दाबून धरलं होतं.

वेआरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. सुरीवरून रक्त वाळूत ठिबकत होतं.

"खाल्लंय गं मी," म्हातारी म्हणाली. "तो नाहीये, ठाऊक आहे मला." मग खाली बघत, "सिस्टरला म्हणावं, एकदाच पुन्हा लाव."

सिस्टरचा हात पेटी आवरायला पुढे झाला. वेआरीनं तो झटकून टाकला आणि माशाच्या खवल्यांनी भरलेल्या अंगठ्यानं स्वतः बटण दाबलं.

"ऐका," ती सासूला म्हणाली. "पण उत्तर द्यायचं नाही."