अनगोळातली होडी

अनगोळच्या गल्लीच्या तोंडाशी मष्णूनं जीप थांबवली. मागं ट्रॉलीवर होडी होती. या वळणावर थोरला भाऊ भावकू नेहमी खाली उतरायचा, ट्रॉलीचं मागचं टोक खांद्यानं रेटायचा आणि ओरडायचा, "आता घे." आज ओरडायला कुणी नव्हतं.

गल्लीतले बाप्ये पुढं आले. त्यांनी टोक उचलून फिरवलं आणि होडी मष्णूच्या वडलांच्या, मारुतीरावांच्या, दारातल्या उतारावर आली. मष्णूनं ट्रॉली जीपपासून सोडवली.

निरोप आधीच पोचला होता. भावकू वेंगुर्ल्याच्या समुद्रात पडला, शोध चालू आहे, असा फोन भावकू कामाला होता त्या फाउंड्रीत आला होता. शोध थांबलाय, हे आता मष्णूच्या तोंडावरून सगळ्यांना कळलं.

होडी भावकूनं स्वतः बांधली होती, घरामागच्या परड्यात, कित्येक वर्षांचे रविवार घालून. प्लायवूडची, शिडाची, आत दोन माणसं निजतील एवढी केबिन. बेळगावात समुद्र कुठाय, म्हणून लोक हसायचे. तो निपाणीच्या दोस्ताची जीप मागून आणायचा आणि होडी ओढत आंबोलीचा घाट उतरायचा. बायको, अक्काताई, विचारायची, मला कधी नेणार? तो म्हणायचा, "आधी मष्णूला शिकिवतो. मग तू आन् मी, पार गोव्यापतोर."

मारुतीराव कट्ट्यावर बसून होते. त्यांनी पोराकडं पाहिलं.

"गावला?"

"न्हाय आप्पा. कोळी म्हणालं, आता गावायचा न्हाय."

"मग ही कशाला आणलीस?"

होडी वाळूतच टाकून मष्णू निघालाही होता. घाटाच्या पायथ्यापर्यंत आला आणि माघारी गेला. रिकामी ट्रॉली घेऊन वर चढण्याची छाती झाली नाही.

अक्काताई दारातून बाहेर आली. कपाळावर कुंकू तसंच होतं. पुसायला आलेल्या बायकांना तिनं जवळ येऊ दिलं नव्हतं.

"भावजी, कसं झालं सांगा."

"वारा फिरला. शिडाचा आडवा दांडा गर्कन आला, अण्णाच्या डोक्यात बसला. तो पाण्यात पडला."

"ते पवत हुतं?"

"हात वर केलता."

"मग तुम्ही होडी माघारी वळिवली न्हाय?"



"वळंना वहिनी. मला येत न्हवतं. शीड खाली वडलं तवर लई लांब गेलतो."

अक्काताईनं त्याला बोल लावला नाही. तिनं पदर खोचला, ट्रॉलीच्या चाकावर पाय दिला आणि होडीत चढली. बायका "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं केबिनची फळी सरकवली. आत भावकूची वळकटी होती, स्टोव्ह होता, खुंटीला सदरा होता. सगळं खारट पाण्यानं ओलं. ती आत शिरली आणि फळी आतून ओढून घेतली.

उन्हं उतरली. लोक हाका मारून थकले. फळीआडून आधी रडणं ऐकू येत होतं, मग तेही थांबलं.

"बाहेर काढा तिला," शेजारची जयाबाई म्हणाली. "असं कोंडून घिऊन डोस्कं फिरंल बाईचं."

मष्णू पुढं झाला. चाकावर पाय ठेवून त्यानं फळीला हात घातला. मारुतीराव कट्ट्यावरून उठले आणि त्याचा हात धरून त्याला खाली घेतलं.

"ऱ्हाऊ दे. त्यानं न्हेली न्हाय तिला कदी."

दोघं तसेच उभे राहिले. आतून आवाज नव्हता, पण होडी हलत होती. अगदी थोडी, थांबून थांबून. उतारावर ट्रॉलीची चाकं करकरत होती.

"चाकास्नी दगड लाव रं," मारुतीराव म्हणाले.